सुट्या भागांची मोटार

मुंबई इलाख्यात मोटारगाड्यांचे जे पहिले कारखाने निघाले ते जोडणीचे होते. इ. स. १९२८ मध्ये जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने शिवडी येथे आपली कार्यशाळा उघडली, तेव्हा सागरापार तयार झालेली गाडी इंजिन, सांगाडा, चाके, पत्रे अशी वेगवेगळी होऊन लाकडी पेट्यांत भरली जाई, बंदरात उतरे आणि शिवडीच्या छपराखाली पुन्हा एकसंध होऊन रस्त्याला लागे. थोड्याच वर्षांत फोर्ड कंपनीनेही मुंबईत हाच मार्ग अनुसरला. जोडलेली मोटार म्हणजे पुष्कळशी पोकळीच असते, आणि त्या पोकळीचे जहाजभाडे भरण्यापेक्षा तिचे भाग एकावर एक रचून पाठविणे व्यापाऱ्याला परवडते. पुढे स्वतंत्र भारताच्या आयात-करानेही हाच भेद मान्य केला: अखंड मोटारीवर जबर कर, सुट्या भागांवर त्याहून कमी. संपूर्ण वस्तूपेक्षा तिच्या भागांची बेरीज सरकारदरबारी स्वस्त ठरावी, ही विसंगती एकाच देशापुरती नव्हती. पण तिच्यापासून इंग्लंडात हौशी माणसाची हलकी, वेगवान, हातांनी बांधलेली मोटार निघाली, आणि आपल्याकडे, कुर्ल्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात, परवानाधारक कारखाना निघाला.

इंग्लंडची हकीकत आधी सांगितलेली बरी, कारण तिच्यावाचून आपल्या हकिकतीतील उणीव ध्यानात येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, तेथील सरकारने चैनीच्या वस्तूंवर खरेदी-कर बसविला, आणि युद्ध संपल्यावरही तो उठला नाही. मोटारीच्या घाऊक किमतीवर तो एके काळी शेकडा ६० च्याही वर चढला होता. हा कर तयार मोटारीवर होता. ग्राहकाने सांगाडा, इंजिन आणि आस वेगवेगळे विकत घेऊन आपल्या घरामागील छपरात ते स्वतःच्या हातांनी जोडले, तर मोटार विकली गेली असे कायद्याच्या दृष्टीने घडतच नसे. कॉलिन चॅपमन या तरुण अभियंत्याने ही फट बरोबर हेरली आणि १९५७ मध्ये लोटस कंपनीची ‘सेव्हन’ ही गाडी मुख्यतः सुट्या भागांच्या रूपाने विकावयास काढली. गाडी जोडावी कशी याची पुस्तिका सोबत देण्यास करखात्याची हरकत असल्यामुळे ती सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली जाई, आणि ग्राहकाने ती शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचावी अशी अपेक्षा असे, ही कथा इंग्लंडातील मोटारशौकीन अजून हसत हसत सांगतात. १९७३ साली खरेदी-कर जाऊन त्याच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि सवलत संपली. परंतु तोवर दोन दशकांत तेथील सुतार, शिक्षक, कारकून यांच्या एका अख्ख्या पिढीला मोटार ही जोडता येण्यासारखी वस्तू आहे याची खात्री पटली होती, आणि लोटसने टाकून दिलेल्या ‘सेव्हन’चे हक्क त्याच वर्षी केटरहॅम नावाच्या एका विक्रेत्याने घेऊन ती गाडी पुढे चालू ठेवली. लेस्टरशायर परगण्यातील हिंकली गावी अल्टिमा नावाची पेढी या परंपरेला शिखरापर्यंत घेऊन गेली. मॅक्लॅरेन कंपनीने आपली सुप्रसिद्ध ‘एफ१’ गाडी निर्मिण्यापूर्वी तिच्या यंत्रांची परीक्षा पाहण्यासाठी अल्टिमाचेच दोन सांगाडे घेतले होते आणि त्यांना ‘आल्बर्ट’ व ‘एडवर्ड’ अशी नावे दिली होती. सुमारे एक टन वजनाच्या आणि अमेरिकन आठ-सिलिंडरी इंजिन पाठीशी बाळगणाऱ्या या गाड्या आजही सुट्या भागांत मिळतात. करातून सुटण्याची युक्ती म्हणून जे सुरू झाले ते करसवलत गेल्यावरही टिकले, ही गोष्ट मला त्या साऱ्या प्रकरणात अधिक अर्थपूर्ण वाटते.

आता आपल्याकडे वळू. मोटार हिंदुस्थानातच तयार व्हावी ही कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात मुंबईसाठी तपशीलवार मांडली होती. मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाची तिला सहानुभूतीही होती. परंतु युद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थान सरकारने तिला हातभार लावण्याचे नाकारले, आणि ती योजना प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय सोलापूरच्या वालचंद हिराचंदांकडे गेले. सिंधिया कंपनीची जहाजे, बंगळूरचा विमानांचा कारखाना आणि विशाखापट्टणमची जहाजबांधणी एवढा पसारा ज्या पुरुषाने उभा केला, त्याने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर काढली. तीही अर्थातच पेट्यांतून आलेल्या भागांचीच होती. फरक इतकाच की, पुढे एकेक भाग देशात घडवावयाचा असा प्रीमियरचा संकल्प होता, आणि १९५३ च्या सुमारास सरकारने नेमकी हीच अट सर्वांना घातली: ज्यांच्याजवळ क्रमाक्रमाने स्वदेशी घडणीचा आराखडा नसेल त्यांनी केवळ जोडणीचा धंदा बंद करावा. शिवडीची जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला तो या हुकुमामुळे. १९५४ नंतर कुर्ल्यात इटलीच्या फियाट कंपनीची ‘११००’ जोडली जाऊ लागली, आणि काही वर्षांतच तिचे बहुतेक सर्व भाग याच परिसरात ओतले, कातले आणि ठोकले जाऊ लागले.

या धोरणाला मी सर्वस्वी दोष देणार नाही. परक्याच्या पेट्या फोडून त्यातले नटबोल्ट आवळणे म्हणजे उद्योगधंदा नव्हे, हे त्या वेळच्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते. परंतु त्याच सुमारास, १९५१ च्या औद्योगिक विकास व नियमन कायद्याने, कोणी काय घडवावे आणि किती घडवावे हे ठरविण्याचा अधिकार दिल्लीच्या सचिवालयात जाऊन बसला. मोटारीपुरते बोलावयाचे तर मुंबईची प्रीमियर, कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड या तीन कंपन्यांखेरीज इतरांना दार बंद झाले, आणि १९६९ पासून काही वर्षे तर मोटारींच्या किमतीसुद्धा सरकारच ठरवीत असे. त्या किमतींचा वाद प्रीमियर कंपनीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. फियाटचे नाव १९७३ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि त्यानंतर लगेच १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले, पण तिचा देह आणि तिची प्रतीक्षायादी दोन्ही जशीच्या तशी राहिली. ज्या काळात इंग्लंडातील कारकून शनिवार-रविवारी आपली मोटार जोडीत होता, त्या काळात डोंबिवलीचा कारकून, त्याने पैसे जमविलेच असतील तर, मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत होता.

आणि हे वाट पाहणे ठाणे जिल्ह्यात जितके विचित्र होते तितके क्वचितच दुसऱ्या कोठे असेल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. दोन वर्षांत डोंबिवलीचीही आखणी झाली, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रसायनांच्या कारखान्यांची रांग उभी राहिली. वागळे इस्टेटीच्या गाळ्यांतून लेथ फिरत होते, गिअर कापले जात होते, रबराचे बुश आणि मोठ्या कारखान्यांचे फुटकळ सुटे भाग तयार होत होते. कल्याणपलीकडे, युद्धकाळातील लष्करी छावणीच्या जागी वसलेल्या उल्हासनगरात, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी कोणत्याही मालाची हुबेहूब प्रतिकृती करण्याबद्दल लौकिक मिळविला होता, आणि त्या लौकिकाची थट्टा जितकी झाली तितकी त्यामागील हस्तकौशल्याची दखल घेतली गेली नाही. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात इंजिने, गिअरबॉक्स, आस, रेडिएटर वजनावर विकले जात. पोलादी नळ्या वाकविणारे, जोडणारे, पत्रा ठोकणारे, रंग मारणारे कारागीर वीस-पंचवीस मैलांच्या टापूत हवे तितके होते. सुट्या भागांची मोटार जन्मावयास जी जी सामग्री लागते ती सारी येथे होती. नव्हती ती एक परवानगी. जीपची मात्र गोष्ट निराळी. युद्धानंतर विक्रीस निघालेल्या लष्करी जीपगाड्या आणि पुढे महिंद्र कंपनीने काढलेल्या तिच्या भावंडांचे भाग इतके विपुल होते की, कागदोपत्री एक आणि प्रत्यक्षात दुसरीच अशी जीप अनेक गॅरेजांतून बांधली गेली, आणि अंमलदारांनी तिकडे बहुधा काणाडोळा केला. कायद्याने नाकारलेली कला अशा आडवाटेने जिवंत राहिली.

परवानगीवाचून माणसाची कशी ससेहोलपट होते याचे उदाहरण ठाण्यातले नसून दक्षिण महाराष्ट्रातले आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी, तांत्रिक महाविद्यालयाचा उंबरा न ओलांडता, १९४९ च्या सुमारास आपली पहिली छोटी मोटार स्वतः बांधली, आणि पुढील पाव शतकभर एकामागून एक नमुने सुधारीत नेले. त्यांतील शेवटच्या नमुन्यांचे ‘मीरा’ हे नाव आज जुन्या पिढीतील काहींना स्मरत असेल. इंजिन मागे. पोलादी कमानींऐवजी रबराच्या आधारावर झुलणारी चाके. आणि एकंदर वजन शक्य तितके कमी. यातील प्रत्येक निर्णय हा अल्पसंख्येने, थोड्या भांडवलावर मोटार बांधू पाहणाऱ्या माणसाचा निर्णय होता, आणि त्याच काळात परदेशांतील लहान कारखानदार याच वाटेने चालले होते हे त्यांना ठाऊक असो वा नसो, त्यांची बुद्धी तेथेच पोहोचली होती. परंतु उत्पादनाचा परवाना, कर आणि भांडवल यांच्या चक्रव्यूहातून मीरा बाहेर पडली नाही. छोटी मोटार शेवटी हवी असे जेव्हा सरकारने ठरविले, तेव्हा ती सरकारी कंपनीने जपानी सुझुकीच्या साहाय्याने काढली.

१९९३ साली मोटारींचा परवाना रद्द झाला. त्यानंतर कल्याण-डोंबिवलीच्या वाट्याला जे आले ते हौशी कारागिराचे युग नव्हते; पेट्याच पुन्हा आल्या. प्रीमियर कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-शीळ रस्त्यालगत होता, आणि तेथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून ‘पाल-प्यूजो’ या नावाने ‘३०९’ ही गाडी १९९४ च्या अखेरीपासून जोडली जाऊ लागली. ही गाडी युरोपात १९८५ साली अवतरली होती आणि येथे येईतो तिकडे तिचे आयुष्य संपले होते. शिवाय ती मुळात टॅलबॉट या दुसऱ्याच नावाने विकावयाची म्हणून आखली गेली होती, अशी तिची कुळकथा आहे. तरीही पद्मिनीच्या सवयीच्या माणसाला तिचे चारी बाजूंनी सुस्थिर धावणे आणि तिच्या डिझेल इंजिनाची काटकसर यांचे अप्रूप वाटले, आणि कल्याण-डोंबिवलीतील अनेक घरांत या कारखान्यातील नोकरी मानाची समजली जाऊ लागली. मात्र कामगारांचे तंटे, विक्रेत्यांची अव्यवस्था आणि भागीदारांतील अविश्वास यांनी तो व्यवहार तीन वर्षांतच पोखरला; १९९७ च्या अखेरीस प्यूजोने काढता पाय घेतला. शेकडो कामगारांना मोटार नखशिखान्त जोडता येत होती, आणि ते कौशल्य कोणाच्याच उपयोगाचे राहिले नाही. इंग्लंडातील एखादा मोटार-कारखाना बुडाला की त्यातील चार-सहा माणसे एखादा गाळा भाड्याने घेऊन वर्षाकाठी वीस गाड्या बांधू लागतात. डोंबिवलीत तसे झाले नाही. कारागिरांच्या अंगी धाडस नव्हते म्हणून असे झाले, असा निष्कर्ष काढणाऱ्याने आधी आपले नियम वाचावेत.

अशी अल्पसंख्येने, हातांनी बांधलेली मोटार महाराष्ट्राच्या भूमीवर शेवटी आली ती फायबर-काचेच्या वाटेने. पत्र्याची मोटार बांधावयाची तर प्रत्येक भागासाठी पोलादी ठसे करावे लागतात. त्यांची किंमत कोट्यवधीत जाते आणि ती लाखो गाड्यांवर वाटली तरच परवडते. काचतंतूंचे काम अगदी उलट आहे. मूळ आकार लाकूड-प्लास्टरमध्ये कोरावा, त्यावरून साचा काढावा, साच्याला मेण चोळून रंगीत जेलचा थर द्यावा, त्यावर काचतंतूंची चटई अंथरावी आणि उत्प्रेरक मिसळलेले रेझिन ब्रशाने व रुळाने तिच्यात मुरवावे. आतील हवेचा बुडबुडा राहिला तर पुढे तेथेच तडा जातो, म्हणून सारा जीव त्या रुळात. साचा स्वस्त, श्रम महाग. वर्षाला लाख गाड्या काढणाऱ्याला ही पद्धत मूर्खपणाची वाटेल, पण वीस काढणाऱ्याला हिच्यावाचून गत्यंतर नाही. बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२ च्या सुमारास इंग्लंडच्या रिलायंट कंपनीच्या गाडीवरून बेतलेली ‘डॉल्फिन’ याच रीतीने काढली होती, आणि कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन व पोलादी नळ्यांचा सांगाडा यांच्या संयोगातून ‘फॉर्म्युला मारुती’ ही शर्यतीची गाडी सिद्ध केली होती. १९९८ मध्ये गोव्यात सॅन कंपनीची ‘स्टॉर्म’ ही उघड्या छताची दोन माणसांची गाडी अवतरली: फ्रेंच रचनाकारांनी आखलेली, काचतंतूंच्या अंगाची, रेनोचे सुमारे ११५० घनसेंटिमीटरचे इंजिन असलेली. साठ अश्वशक्ती म्हणजे फार नव्हे. पण अंगच हलके असल्याने ती पुरेशी होती.

परंतु ज्या गाडीला सुट्या भागांच्या मोटारीची खरी वंशज म्हणता येईल ती रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या कार्ले खिंडीत, या शतकाच्या आरंभी तयार झाली. चिंकारा मोटर्स या छोट्या संस्थेने लोटस ‘सेव्हन’च्याच घाटाची, पुढे लांब नाक, मागे दोन बैठका आणि दारांचा अभाव असलेली ‘रोडस्टर’ बांधली. सांगाडा पोलादी नळ्यांचा, अंग काचतंतूंचे, आणि इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या ‘काँटेसा’ गाडीतील इसुझूचे १.८ लिटरचे. चॅपमनच्या कल्पनेचे मर्म या निवडीत आहे. ज्या इंजिनाने काँटेसाच्या बोजड पोलादी देहाला कसेबसे ओढावे, तेच इंजिन त्या मानाने कितीतरी हलक्या चौकटीत बसविले की, नवे काही न शोधता, केवळ वजन काढून टाकल्यामुळे, वेगवान मोटार हाती येते. परवानाराज्यातील सर्वांत स्थूल गाडीचे हृदय काढून त्या राज्याने कधी होऊ न दिलेल्या गाडीत घालावे, यात एक प्रकारचा काव्यन्याय आहे. पेणच्या परिवहन कार्यालयाचा ‘एमएच ०६’ हा क्रमांक त्या अंगावर शोभून दिसतो, असे माझे मत आहे. इतरांनी ते मान्य करावे असा आग्रह नाही.

मुंबईचे दिलीप छाब्रिया यांची ‘डीसी अवंती’ ही त्यानंतरची. २०१२ च्या दिल्लीतील प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली, आणि पाठीमागच्या बाजूस बसविलेले रेनोचे दोन लिटरचे टर्बो इंजिन, अडीचशे अश्वशक्ती आणि तीस-पस्तीस लाखांची किंमत या वर्णनावरून देशी सुपरकार म्हणून तिचा गाजावाजा झाला. रूपाने ती परदेशी महागड्या गाड्यांची स्पर्धक होती, वजनाने मात्र नाही. हलकेपणा या जातीचा आद्य धर्म, तोच तिने पाळला नाही. चिंकारा गाडीची कीर्ती अवंतीच्या शतांशही झाली नसेल, तरी माझा कौल तिकडेच आहे.

आणि तरीही अशा गाड्या मूठभरच का राहिल्या, याचे उत्तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, विशेषतः १२६ व्या नियमात, सापडते. कोणत्याही नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडे, अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) लष्करी वाहनसंशोधन संस्थेकडे किंवा तशाच अन्य मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासणीसाठी दाखल करावा लागतो. धुराचे मानदंड २००० पासून दर काही वर्षांनी कठोर होत २०२० मध्ये भारत स्टेज सहापर्यंत आले. आणि ऑक्टोबर २०१७ पासून नव्या नमुन्यांना आघातचाचणीही लागू झाली, जिच्यात गाडी भिंतीवर आदळून तिचा चक्काचूर करून पाहावा लागतो. वर्षाला दोन लाख गाड्या काढणाऱ्याला अशी एक गाडी फोडणे म्हणजे खातेवहीतील एक ओळ. पंधरा काढणाऱ्याला ती वर्षाच्या उत्पन्नातील मोठी तूट. सुरक्षिततेचा आग्रह अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण इंग्लंडात १९९८ पासून एकट्या-दुकट्या गाडीसाठी वेगळी तपासणी आहे: एक जाणकार निरीक्षक त्या एकाच गाडीचे ब्रेक, दिवे, कडा, आसने, धूर तपासून तिला रस्त्यावर येण्याची मुभा देतो, आणि गाडी शाबूत घरी जाते. अशी तजवीज आपल्या नियमांत असती, तर वागळे इस्टेटीच्या एखाद्या गाळ्यात काय जन्मले असते याचा विचार करावासा वाटतो. उलट मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, मूळ कारखानदाराने नोंदविलेल्या स्वरूपात मालकाने फेरफार करणे हेच गैर ठरते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका अधिकच स्पष्ट केली.

त्यामुळे ठाण्या-डोंबिवलीतील हौशी माणूस आता नव्याऐवजी जुन्याकडे वळला आहे. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सी, वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपल्या. परंतु खाजगी पद्मिनी पुन्हा उभ्या करणारे आणि त्यांचे कार्बुरेटर, दरवाज्यांच्या कड्या व पुढील जाळ्या जमविणारे लोक वाढतच आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी ठरविली, तिला ‘व्हीए’ ही अक्षरे दिली, पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे नेमली, आणि मूळ सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा अशी अट घातली. १९७४ ची पद्मिनी २०२४ पासून या सवलतीस पात्र झाली आहे.